अक्काच्या गाडीचं चाक

हेब्बाळला माझी पावडर कोटिंगची छोटी शेड आहे. गाडीच्या चाकांवर रंगाची पूड उडवायची आणि भट्टीत भाजून ती पक्की करायची, हा धंदा. आमचे वाडवडील शिंपी. सुई सोडून भट्टीपाशी आलेला मी एकटाच. बायको गेल्यापासून रविवारचं जेवण मात्र सरस्वतीपुरमला, थोरल्या बहिणीकडे.

गेल्या वर्षी भावोजींनी आपल्या गाडीची अॅल्युमिनियमची चारही चाकं माझ्याकडे आणून टाकली. काळी हवी होती, चकचकीत. जुना रंग मी रसायनाने उतरवतो. भट्टीत जाळून काढणारेही पुष्कळ आहेत, पण तेवढ्या आचेने चाकाचा कस जातो. रंग उतरला, तर एका चाकात आऱ्याच्या मुळाशी केसाएवढा तडा. भावोजींना बोलावून दाखवला आणि म्हटलं, हे भंगारात घाला.

"सुम्ने, उगाच घाबरवू नको रे," ते म्हणाले. "वेल्डिंग मार, वरून रंग दे. कोणाला दिसतंय?"

"म्हणूनच नाही देणार. वेल्डिंगने ती जागा आणखी कच्ची होते. मडिकेरीच्या घाटात अक्का असते तुमच्या शेजारी."

परक्यांची कामं करतोस आणि घरच्यांना नियम शिकवतोस, असं म्हणून त्यांनी चारही चाकं उचलून नेली. कामाला तयार असलेला कोणीतरी त्यांना हूटगळ्ळीत भेटला.

रविवारी गेलो तर गाडी दारात उभी, चाकं नव्या बुटांसारखी काळी. मी खाली बसून चारही चाकांवरून बोट फिरवलं. तडा कुठल्या चाकात होता, ते मलाच सापडेना. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

अक्का बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "चांगली झालीत म्हण की एकदा. ते आत बसून ऐकतायत. तेवढं म्हटलास की सगळं सरी होतं."

खरंच, तेवढंच म्हणायचं होतं. आत पानं मांडलेली दिसत होती, आणि मला भूकही लागली होती.

"अक्का, तू या गाडीत बसू नकोस," मी म्हणालो.

अक्का आत गेली आणि दार लोटून घेतलं.

भावोजींचा राग अजून येतो, माझ्या फटकळ तोंडाचाही येतो. पण अक्काने पुन्हा तसं म्हणायला सांगितलं, तरी मी तेच म्हणेन. पूर्वी घाट चढून मडिकेरीला पोचल्या पोचल्या अक्का मला फोन करायची. आता ती निघाली, हेही मला कळत नाही.