धूळ ओढायचं मशीन

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दाताच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या कवळ्या व्हायच्या. दात बसवायचं काम त्यांचं, घासून पॉलिश करायचं बायकोचं. सव्वीस वर्षं ती खिडकीजवळच्या मोटरपुढे बसली. संध्याकाळी उठायची तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. "पिठाच्या गिरणीत जातेस का गं कामाला?" असं शेजारीण विचारायची आणि दोघी हसायच्या. मग खोकला लागला. दोन वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवले, पण फुप्फुसांनी हात टेकले. चार महिन्यांपूर्वी ती गेली.

बिलांची फाईल घेऊन करसल्लागार बाईंकडे दरवर्षी तीच जायची. यंदा कवळीवाले पहिल्यांदाच त्या ऑफिसात गेले आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले.

बाई एकेक कागद उलटत होत्या. प्लास्टर, मेण, दात, हे चालेल. पुढच्या खोलीचं भाडं, तिथलं वीजबिल, मोटरची दुरुस्ती, तेही चालेल. मग एक जाड गठ्ठा त्यांनी अलगद बाजूला ठेवला.

"काका, ही दवाखान्याची बिलं. ही धंद्याच्या खर्चात नाही धरता येणार."

"का? मोटर बिघडली ते चालतं ना?"

"मोटर धंद्याची आहे."

"आणि ती? या धुळीनंच गेली ती. डॉक्टरांनी लिहून दिलंय, बघा ना."

बाईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. "खरं आहे, काका. पण आजारपण म्हणजे घरखर्च. नियमात दुसरीकडे कुठं बसतच नाही."

कवळीवाले भांडायला आले नव्हते. पैशांचंही त्यांना तितकं नव्हतं. ती कामापायी गेली हे कुठल्यातरी सरकारी कागदावर यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

फाईल मिटता मिटता बाईंनी विचारलं, "ते मशीन घेतलंत का हो? बिल दिसलं नाही कुठं."

"कुठलं मशीन?"

"धूळ ओढून घेणारं. काकूंनी तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, त्याचा खर्च वजा होतो का म्हणून. मी म्हटलं, होतो की, दरवर्षी थोडा थोडा. केवढ्या खूश झाल्या! म्हणाल्या, आता यांना नाही म्हणायला तोंडच राहणार नाही."

ती दुपार कवळीवाल्यांना लख्ख आठवली. चपला काढता काढताच ती बोलायला लागली होती. पाकिटाच्या पाठीवर किंमतही लिहून आणली होती. त्यांनी साच्यावरून मान वर न करता म्हटलं होतं, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "तोंडाला फडकं बांध की." तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. फडकं मात्र बांधायची, आणि रोज रात्री धुवायची.

"नाही घेतलं," ते म्हणाले.

बाईंनी उठून उगीचच पंखा वाढवला.

जो काय कर निघाला तो कवळीवाल्यांनी मुकाट्यानं भरला. पॉलिशचं काम त्यांनी बाहेर द्यायला सुरुवात केली आणि मोटर विकून टाकली. पुढच्या महिन्यात मुलगी चार दिवसांची सुट्टी काढून आली. मशीनची गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जड झालं होतं. पहिल्याच रात्री जेवता जेवता त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

मुलगी घास हातात धरून ऐकत राहिली. "बाबा, मी विचारलं तेव्हा आई मला म्हणाली होती, बाजारात मिळतच नाही तसलं मशीन," ती म्हणाली. मग ताट तसंच ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बॅग भरली. अजून ती दर रविवारी फोन करते. औषधं घेतलीत का विचारते, जेवलात का विचारते. त्यापलीकडे दोघांनाही बोलणं सुचत नाही.