झेंडी मागे होती

मोरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी केशोरीच्या आमच्या कृषी केंद्रात उन्हाळी धानाच्या बियाण्याच्या पिशव्या उतरवून घेत होते. फोन यांचा होता, गोंदियाच्या दवाखान्यातून. "मोरू गेला वं," एवढंच म्हणाले. न्यूमोनिया झाला होता, त्यात हृदय जन्मापासून अधू. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच कल्पना दिली होती. मी शटर ओढलं, घरी गेले, अंगण मोकळं केलं, येणाऱ्यांसाठी पाणी भरून ठेवलं. दुपारी दुसरा फोन आला तो एका वार्ताहराचा. "हरून जिंकणारा धावपटू हरपला, असं हेडिंग करतोय ताई, चालेल ना?" मी म्हटलं, चालणार नाही, तो हरला नव्हता. "हो हो, तेच तर म्हणतोय आपण," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तेच छापलं. त्यानंतर ज्याने लिहिलं त्याने तेच लिहिलं. देवाचं लेकरू. निरागस. स्पर्धेच्या पलीकडे गेलेला.

मोरू माझा धाकटा दीर. त्याची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. मी सून म्हणून आले तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा असेल, आणि पहिल्याच दिवशी त्याने मला विहिरीपर्यंत पळायची पैज लावायला लावली. नवी नवरी, अंगावर शालू. मी म्हटलं, भाऊजी, नंतर. तो म्हणाला, "भेते वैनी." मी पळाले आणि हरले. त्यानंतर गावभर सांगत फिरला की वैनी हारली. देवाचं लेकरू असं करत नाही. तो चिडका होता, बढाईखोर होता, हरला की जेवत नसे. अर्जुनी मोरगावला अशा मुलांची शाळा आहे, तिथल्या शेंडे सरांनी त्याला पळायला शिकवलं. जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांना तो गेला, पदकं आणली. सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला की शेजारच्याला म्हणायचा, "तू कायले आला गा? घरी जा, भात थंडा होऊन राहिला." सर रागवायचे, पण तोंड फिरवून हसायचे.

आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगावी पट, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. आमच्या गावच्या पटात शेवटच्या रेषेवर झेंडी धरून उभं राहायचं काम मोरूचं होतं. ते त्याला कोणी दयेने दिलं नव्हतं. आधी झेंडी धरणारे सोयऱ्याधायऱ्यांची जोडी मागे असली तरी तिच्याच नावाने झेंडी टाकायचे आणि मग भांडणं व्हायची. मोरूला असलं काही जमत नव्हतं. एका वर्षी यांची जोडी थोडक्यात मागे राहिली, आणि मोरूने झेंडी टाकली ती समोरच्याच्या नावाने. सख्खा भाऊ. हे त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मोरू जेवताना मला म्हणाला, "वैनी, दादाले सांग, बैल मांगं होते." त्याच्या लेखी सगळा हिशेब झेंडीवर होता. झेंडी जिथे असेल तिथे आधी पोहोचायचं, जो पोहोचला तो पहिला. पळताना कोणी पडलं तर मागचे लोक उचलतील. पळणाऱ्याने झेंडीकडे बघायचं.

हे सगळं ठाऊक असतं तर मोरूला शोधत सिनेमाची माणसं आली असती की नाही, कोण जाणे. मतिमंद खेळाडूंवर विनोदी पिक्चर काढायचा होता, आणि खेळाडू खरेच घ्यायचे होते. दिग्दर्शक नम्र होता, पायात साधी चप्पल, बोलताना हात जोडायचा. "ताई, आधी लोकांना हसवायचं, आणि शेवटी रडवायचं," असं त्याने मला समजावून सांगितलं. हसवायचं म्हणजे काय ते मी शूटिंग बघायला गेले तेव्हा कळलं. मोरूला बूट उलटे घालायला लावले होते, डाव्या पायात उजवा. मोरू आयुष्यात कधी बूट उलटे घालत नव्हता. घरात बुटांना दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, ह्या सायबाले बूट घालता येत नाई." तिथे जमलेली सगळी माणसं खरीखुरी हसली ती त्या वाक्याला. ते वाक्य पिक्चरमध्ये नाही. उलटे बूट आहेत.

रडवायचं होतं ते शेवटच्या शर्यतीत. गोष्टीत असं होतं की मोरू सगळ्यांच्या पुढे आहे, मागे त्याचा मित्र पडतो, आणि मोरू जिंकणं सोडून माघारी येऊन त्याला उठवतो. पडायचं काम चिचगडच्या गुलाबला दिलं होतं. तो मोरूचा शाळेतला जोडीदार आणि खराखुरा प्रतिस्पर्धी. गुलाबला पडायला आवडू लागलं होतं. "पडलो का सामोसा देतेत," तो मला म्हणाला. मोरूला मात्र माघारी फिरवता येईना. शर्यत सुरू व्हायची, गुलाब पडायचा, आणि मोरू सरळ जाऊन झेंडीला हात लावायचा आणि दोन्ही हात वर करायचा. पुन्हा. पुन्हा. दिग्दर्शक जवळ जाऊन समजावायचा, "मोरू, तुझा मित्र पडलाय ना? तुला वाईट नाही वाटत?" मोरू म्हणायचा, "उठते ना तो. त्याले सामोसा पाह्यजे." शेंडे सर म्हणाले, साहेब, जिंकू द्या त्याला, तीच चांगली गोष्ट होईल. साहेबांनी सरांना चहा प्यायला पाठवलं.

मग त्यांच्यातल्या कोणालातरी युक्ती सुचली. शर्यत सुटली, मोरू पुढे गेला, आणि एका सहायकाने झेंडी उपटली, मैदानाच्या कडेने पळत मागे आणली आणि पडलेल्या गुलाबच्या डोक्यापाशी उभी केली. "मोरू, झेंडी इकडे!" मोरू थांबला. वळून बघितलं. मी लांब उभी होते, तरी त्याचा गोंधळलेला चेहरा मला दिसला. पटाच्या मैदानात त्याने इतकी वर्षं झेंडी धरली, शर्यत चालू असताना ती कोणी हलवतं हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. पण झेंडी तिकडे होती. तो जीव तोडून माघारी पळाला, झेंडीला हात लावला, तोल जाऊन गुलाबच्या अंगावर पडला, दोघं एकमेकांना धरून उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी शूटिंग संपलं.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही सगळे गोंदियाला गेलो. मोरू नवा शर्ट घालून पुढच्या रांगेत. उलट्या बुटांना लोक पोट धरून हसले, मोरूही थोडा हसला. शेवटची शर्यत आली. पडद्यावर मोरूचा चेहरा भला मोठा, मग तो वळतो, पळत येतो, मित्राला मिठी मारतो, वर बासरी वाजते... झेंडी कुठेच नाही. ती चौकटीच्या बाहेर ठेवली होती. लोक नाक ओढत होते. मोरू उभा राहिला आणि पडद्याकडे बोट करून ओरडला, "झेंडी मांगं होती!" लोकांना वाटलं, आनंदाने ओरडतोय. "वो देखो, वही लड़का है," असं म्हणत सगळं थिएटर उभं राहिलं, टाळ्यांवर टाळ्या. त्याने माझा हात धरला. "वैनी, झेंडी मांगं होती ना? दाखोली काऊन नाई?"

मी हाच प्रश्न दिग्दर्शकाला फोन करून विचारला. शेवटी नावं येतात तिथे एक ओळ टाका, ही शर्यत मोरूने जिंकली होती, इतकंच. तो समजूतदारपणे म्हणाला, "ताई, पिक्चरमध्ये असं चालतं. आणि त्याला कुठे एवढं कळतंय?" मी म्हटलं, त्याला कळलं म्हणूनच फोन केला, नाहीतर मला वेळ नाही. ओळ आली नाही. सत्कार मात्र खूप झाले. एका समारंभात एक पुढारी म्हणाले, या मुलाने आपल्याला हरायला शिकवलं. मोरूने त्यांच्या हातातला माईक घेतला. "मी हारलो नाई. मी पहिला आलो." लोक कौतुकाने हसले आणि कोणीतरी प्रेमाने माईक काढून घेतला. तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, तू माघारी काऊन फिरला रे बाप्पा? तो दर वेळी खरं उत्तर द्यायचा. एकानेही ते ऐकलं नाही. पुढे पुढे तो उत्तर द्यायचं सोडून दुकानाच्या मागे जाऊन बसायला लागला.

मला राग याचा आहे. जिंकण्याची इच्छा शहाण्या माणसाला असली तर तिला जिद्द म्हणतात. मोरूला होती, तर ती कापून टाकली आणि तिच्या जागी आपल्याला हवा तो चांगुलपणा चिकटवला. त्याच्याजवळ चांगुलपणा नव्हता असं नाही. झेंडी धरून सख्ख्या भावाच्या विरुद्ध उभं राहायला काय लागतं, ते आमच्या गावात विचारा. पण त्याने कोणाला रडू येत नाही.

तेरवीला काही मंडळी प्रस्ताव घेऊन आली. मोरूच्या नावाने शर्यत भरवायची, त्यात रेषेच्या आधी सगळ्यांनी थांबून हात धरून एकदम पार करायचं. मी जेवण वाढत होते. म्हटलं, मोरूच्या नावाने असलं काही भरवलंत तर मी येऊन उधळून लावीन. ते जेवले आणि गेले.

गुलाब त्या दिवशी शेंडे सरांबरोबर चिचगडहून आला होता. पोटभर जेवला, मोरूच्या फोटोकडे बघितलं नाही. मागच्या दारी भिंतीला टेकवलेली पटाची झेंडी त्याला दिसली. ती उचलून त्याने माझ्या हातात दिली. "धर वं वैनी." आमचं खळं तेव्हा मोकळंच होतं, धान घरात आलेला होता. मी जाऊन पलीकडच्या टोकाला उभी राहिले. खरकट्या हाताने, पदर खोचून. गुलाब पळत आला, झेंडीला हात लावला, धापा टाकत इकडे तिकडे बघितलं.

"पहिला आलास," मी म्हटलं.

"मोऱ्या नाई ना आता," तो म्हणाला. "तो असता तं मी दुसरा."

झेंडी मी तिथेच रोवून ठेवली आहे, खळ्याच्या त्या टोकाला. हे म्हणाले, बैलबंडी वळवायला अडचण होते. मी म्हटलं, बंडी वळसा घालून जाईल. ती हलवायची नाही.