तिचा आकडा कोणी भागत नसे

आमच्या घरात वर्षाचं पत्र लिहायचा मान माझा. नव्याच्या सणाला, म्हणजे आम्हा यहुद्यांचं नवीन वर्ष लागतं तेव्हा, ठाणे, अलिबाग आणि इस्रायल इथे पसरलेल्या तमाम नातेवाइकांना मी आमच्या घराचा हालहवाल कळवतो. आधी कार्बन लावून, मग झेरॉक्स काढून, आता व्हॉट्सअॅपवर. हे पत्र वाचायला इस्रायलात अश्दोदच्या बंदरात बोटी थांबत असत. बरं, बोटी नसतील थांबत, पण माझी एक चुलतबहीण गॅस बंद करून वाचत असे, हे खरं आहे. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कोकणातून नागपूरला आले. इथल्या मे महिन्यात त्यांच्या डोक्यातलं जे काही वितळलं ते थेट माझ्या वाट्याला आलं, असं माझी बायको म्हणायची.

बायको गणिताची मास्तरीण. माझं पत्र तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. मुलगी आठ वर्षांची असताना स्केटिंग शिकली, त्या वर्षी मी लिहिलं होतं की पोरगी धरमपेठेतल्या उतारावरून सुटली ती दोन गाई, एक हवालदार आणि एक अख्खी वरात यांच्यामधून वाट काढत गेली, आणि नवरदेव घोडीवरून उतरून तिच्या पाया पडला. बायकोने सगळ्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘कुंपणाला धडकली. कोपर फुटलं.’ वरून मला म्हणाली, ‘काहून इतकं फेकून राहिले हो तुम्ही? घोडी तरी ठेवायची नव्हती.’

मुलाला माशांचा नाद. काचेच्या टाकीत त्याने गप्पी पाळले, आणि गप्पींचं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यांना वाढण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. मी पत्रात पिल्लं लिहिली एकशेवीस. बायको शाळेतून आली, पर्स खाली ठेवली आणि टाकीसमोर खुर्ची ओढून मोजत बसली. चाळीस भरली. मग तिने माझी मागची पत्रं काढली, त्यातले आकडे तपासले आणि मुलांना समोर बसवून नियम सांगितला. पप्पांनी सांगितलेला आकडा तीनने भागायचा. बाकी उरली तर सोडून द्यायची.

त्या दिवसापासून घरात मला भागायची पद्धत पडली. बुटीबोरीच्या गिरणीत मी सुपरवायझर होतो. संध्याकाळी घरी येऊन सांगायचो की आज मशीनवर नव्वद वेळा धागा तुटला, की दोन्ही पोरं जेवता जेवता एका सुरात म्हणायची, ‘तीस.’ मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याची बार मित्झवा, म्हणजे आमच्यातली मुंज, ठाण्याला केली, कारण तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचायला दहा मोठे पुरुष लागतात आणि नागपुरात आम्ही सहा. त्या सहातही एक जण ठार बहिरा. मी लिहिलं, पोराचा आवाज ऐकून सगळं सभागृह रडलं. बायकोने दुरुस्त केलं, ‘एक आत्या रडली. तिला सर्दी होती.’ मुलाने ते वाचलं आणि आईकडे बघून तृप्त हसला. माझ्या अख्ख्या सभागृहापेक्षा त्याला तिची एक सर्दी झालेली आत्या जास्त किमतीची वाटत असे. ती म्हणाली ‘बरं झालं’, तर ते बरंच झालेलं असायचं. तिचा आकडा कोणी भागत नसे.

पोरं वाढली. पत्रातली जागा आधी त्यांच्या उंचीचे इंच व्यापायचे, मग मार्क, मग पगार. मुलगी पुण्याला गेली. मुलगा इस्रायलला गेला, अश्दोदच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायला लागला, तिथल्याच आपल्या समाजातल्या मुलीशी त्याने लग्न केलं. हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघं उरलो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बायकोचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, तर ही माझ्यामागून आत शिरली आणि म्हणाली, जे सांगायचं ते मला सांगा, हे घरी जाईपर्यंत वेगळंच सांगतील. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तीन महिने, फार तर चार.

घरी येऊन तिने कॅलेंडर उतरवलं. सुनेला सातवा महिना चालू होता. बाळंतपण नोव्हेंबरच्या शेवटी. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता, आणि सुंतेला बापाने हजर असायलाच हवं. त्यानंतर दोन दिवस तिकिटाचे. तिने सगळं मांडलं आणि म्हणाली, चार महिन्यांत बसतं. पोरांना तोवर कळवायचं नाही. मी म्हणालो, आणि तीन निघाले तर? ती म्हणाली, ‘आता तुम्ही आकडे कमी करायला लागले काय?’

नव्याचा सण आला. मी पत्र लिहिलं. काय लिहिणार? लिहिलं की तुमची वहिनी रोज पहाटे हुडकेश्वरहून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबाझरी तलावापर्यंत चालत जाते आणि येताना दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन येते. पत्र तिच्यासमोर ठेवलं. उशीला टेकून, पेन्सिल हातात धरून तिने ते वाचलं. मुलीच्या बढतीचं तिने निम्म्यावर आणलं. लोणच्याच्या बरण्या अकराच्या चार केल्या. अंबाझरीच्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, तिने ते खोडावं म्हणून मी मनातल्या मनात एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, मलिद्याचा नवस बोललो होतो.

तिने ते खोडलं नाही. पान उलटलं आणि म्हणाली, ‘शुद्धलेखन बरोबर आहे.’

दिवाळी होऊन गेली आणि तिला पाणी पचेनासं झालं. बाळंतपण अजून दोन आठवड्यांवर होतं. एके दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मी अंगणात येऊन मुलाला फोन लावला. मला काय सांगायचं होतं? एवढंच की बाबा, तुझी आई आठ दिवसांत जेवलेली नाही, ये. पण तोंडाला लागलेली सवय. आणि भीती. साधं सांगितलं तर तो येणार नाही, असं मला वाटलं. मी म्हणालो, वीस दिवस झाले, तिच्या पोटात अन्नाचा कण नाही, ती चोवीस किलोची झाली आहे, तिला उचलली तर वाऱ्यावर उडून जाईल.

तो काय करत होता ते मला हुडकेश्वरमध्ये ऐकू आलं. तो भागत होता.

‘पप्पा,’ तो म्हणाला, ‘आईला द्या.’

मी आत गेलो. ती जागीच होती, सगळं ऐकलं होतं. तिने हात पुढे केला, फोन घेतला, घसा साफ केला आणि वर्गात फळ्यापाशी उभी असल्यासारखी बोलली. ‘थोडा अशक्तपणा आहे रे. औषध चालू आहे. तू बायकोजवळ राहा. बाळाची सुंता झाली की सगळे मिळून या.’

तो म्हणाला, ‘नक्की ना?’

ती म्हणाली, ‘मी कधी फेकते का?’

फोन माझ्या हातात देऊन ती भिंतीकडे वळली. मी भांडलो. म्हणालो, हे बरोबर नाही, त्याला परत फोन लाव. त्याला पुन्हा काही सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. एवढ्या वर्षांत तिने मला शपथ घातली नव्हती. तिला शपथेची गरजच पडत नसे.

मुलीलाही मी फोन केला होता, आणि तिनेही माझं बोलणं भागलं. पण पुणे जवळ. भागून जे उरलं तेवढं बघायला म्हणून दोन दिवसांच्या सुटीत ती आली. तेव्हा गुरुवार होता. मंगळवारी अश्दोदला मुलगा झाला होता आणि त्याचा फोटो बायकोच्या उशाशी होता. मुलगी खोलीच्या दारात आली, पलंगाकडे बघितलं आणि बॅग खांद्यावरच राहिली.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही कमी सांगितलं.’

तिने तिथूनच भावाला फोन लावला. तीन दिवसांचं बाळ आणि बाळंतीण सासऱ्याच्या हवाली करून तो शुक्रवारी सकाळी विमानात बसला. शुक्रवारी सकाळीच, मुलगी तिच्या ओठांना ओला कापूस लावत असताना, माझी बायको गेली.

आता आमच्यातली रीत अशी की माणूस गेला की त्याच दिवशी दफन करायचं, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, दफन होत नाही. शुक्रवारी साडेपाचच्या आत, नाही तर एकदम रविवारी. मुलगा शनिवारी दुपारी पोचणार होता. त्याचा फोन बंद. मुलगी म्हणाली, थांबू या, बर्फात ठेवू या. आमच्यातले वडीलधारे म्हणाले, मुलासाठी थांबलं तर चालतं, ठरव तू. आणि बायकोने मला आधीच बजावून ठेवलं होतं की मला बर्फावर ठेवायचं नाही, मी मासळी नाही. मी तिचं ऐकलं. जिवंतपणी तिचं ऐकून चुकलो होतो, तरी मेल्यावरही तिचंच ऐकलं.

दफनभूमीत आम्ही सहाचे सहा होतो. कद्दीश, म्हणजे मेलेल्यासाठी देवाची स्तुती करायची ती प्रार्थना, म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. माझ्या शेजारी बौद्ध कुटुंब आहे. त्या घरातले म्हातारे, त्यांचे दोन मुलगे आणि जावई खांदा द्यायला आले होते. आम्ही अडून उभे आहोत हे बघून म्हातारे माझ्याजवळ आले.

‘किती पाहिजे भाऊ?’

‘दहा.’

‘आमी चौघं आहो. मोजून घ्या आमाले.’

तसं मोजता येत नाही, हे मला ठाऊक होतं. बहिऱ्या काकांनाही ठाऊक होतं, तेच प्रार्थना सांगणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एकेकाकडे बोट करत मोठ्याने दहापर्यंत मोजलं. काकांनी पुस्तक उघडलं.

शनिवारी दुपारी मुलगा आला. शब्बाथला शोक करायचा नसतो. जमिनीवर बसायचं नाही, कपडा फाडायचा नाही, स्वच्छ कपडे घालून जेवायचं. म्हणून आम्ही तिघं इस्त्रीचे कपडे घालून टेबलावर बसलो, शेजाऱ्यांनी पाठवलेला वरणभात समोर होता. मुलाने घास घेतला नाही. दफन का थांबवलं नाही, हेही विचारलं नाही. नुसता भात कालवत म्हणाला:

‘पप्पा, एकच विचारतो. त्या दिवशी फोनवर आई म्हणाली, थोडा अशक्तपणा आहे. ते ती आपल्या मनाने बोलली, का तुम्ही बोलायला लावलं?’

मुलगी पाणी ओतत होती, ती थांबली. शपथेचं तिलाही माहीत नव्हतं.

उत्तर सोपं होतं आणि खरं होतं. पण मला दिसलं, हा पोरगा ते उत्तर घेऊन अश्दोदला जाईल आणि तिथे रात्रंदिवस तिची जुनी वाक्यं काढून तपासत बसेल. तू हुशार आहेस, म्हणाली होती. मला तुझी काळजी वाटत नाही, म्हणाली होती. तू दूर गेलास त्याचं मला वाईट वाटलं नाही, म्हणाली होती. एकदा भागायला लागला की तो कुठे थांबणार?

‘मी लावलं,’ मी म्हणालो.

‘काहून?’

‘बाळाच्या वेळी तू तिथे असावा म्हणून.’

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मी सांगितलेलं त्याने पहिल्यांदा जसंच्या तसं घेतलं, कणभरही कमी न करता. मग ताट सरकवून तो उठला.

शब्बाथ सुटल्यावर आम्ही शर्टाच्या गळ्याला चीर दिली आणि चटईवर बसलो. सुतकाचे सातही दिवस तो बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलला, बहिणीशी बोलला. माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवायचा, पण बोलायचा नाही. मंगळवारी त्याच्या मुलाची सुंता होती. सासऱ्याने बाळ मांडीवर धरलं आणि इकडे बहिणीच्या फोनवर तो ते बघत होता, फाटक्या गळ्याचा शर्ट घालून, दोन्ही हातांनी फोन धरून. मी त्याच चटईवर, हातभर अंतरावर होतो. त्याने फोन माझ्याकडे वळवला नाही. मीही मान पुढे केली नाही. मला फक्त बाळ रडलेलं ऐकू आलं.