काकूंचा पत्रा

आमच्या कळंबच्या पेंटरकाकांइतका वेळेचा पक्का कारागीर मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच गुणानं त्यांचा घात केला. मोटारसायकलची नंबरप्लेट, आडत दुकानाची पाटी, 'येथे वाहने लावू नयेत' असली कंटाळवाणी कामं ते सकाळीच हातावेगळी करत. करताना तोंड मात्र काढा प्यायल्यासारखं.

माझी शाळा त्यांच्या दुकानासमोरच. एकदा मी विचारलं, "काका, नावडतं काम आधी कशाला?"

"गुरुजी, नावडतं काम मानेवर बसतं. म्हणून ते आधी उरकायचं. आवडीच्या कामाला निवांतपणा पायजे."

आवडीचं काम एकच होतं, बायकोचं चित्र. चेहरे काढण्यात काकांचा हात फार चांगला होता, पण गावाला अक्षरंच हवी होती. शांताकाकूंच्या चित्रासाठी त्यांनी एक पत्रा प्रायमर मारून ठेवला होता. तो पिवळा पडायचा, म्हणून दर दिवाळीला त्यावर पुन्हा पांढरा हात मारत. पुढं गावात फ्लेक्स आले, कामं आटली, तरी काकांना निवांतपणा काही मिळाला नाही. कुणाची ना कुणाची ट्रॉली रंगवायची राहिलेलीच असे.

काकू चहा घेऊन आल्या की पत्र्याकडं बघून म्हणायच्या, "माजे दात पडल्याव काढनार व्हय?"

"एवढी ट्रॉली होऊ दे, मग बसवतोच तुला," काका म्हणायचे. मीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काकू तीन दिवसांच्या तापानं गेल्या. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावर आधार कार्डावरचा फोटो. मी भेटायला गेलो तेव्हा काका पत्र्यासमोर बसले होते. हातातला ब्रश कोरडाच होता.

"सकाळधरनं बसलोय, गुरुजी. हात चालतो की अजून. पन डोळं मिटलं की तिचं तोंडच येत न्हाय. ह्यो पांढरा पत्राच दिसतो."

मग पत्रा माझ्याकडं सरकवत म्हणाले, "घेऊन जावा ह्यो. शाळंत सुविचार लिवायला व्हईल."

पत्रा आता शाळेच्या व्हरांड्यात आहे. सुविचार लिहिणं माझ्याचकडं, काम पाच मिनिटांचं. मुख्याध्यापक दोनदा विचारून गेले. मी दोन्ही वेळा "उद्या लिहितो" म्हणालो.