उपाशी वाफे

शाळा मी आठवीत सोडली, ती सोडलीच. पुढे कधी रोज वही उघडून बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण तिशी गाठल्यावर, नव्वदच्या दशकात, इंदापूर तालुक्यातल्या एका रानात मी रोज सकाळी आठला वही उघडायचो आणि पेन झटकून आकडे लिहायचो. ते आकडे विद्यापीठाचे होते. माझं फक्त अक्षर.

बायको आणि लेक भंडाऱ्याकडे, मी इकडे. गावच्या एकाच्या मागोमाग बारामतीच्या एमआयडीसीत आलो होतो, एका डेअरीत दुधाचे क्रेट धुवायला. सात-आठ महिन्यांनी ते काम संपलं. आता गावी जाऊन काय सांगायचं, या काळजीत स्टँडवर बसलो होतो, तर एक बाई इंदापूरच्या एसटीतून दोन पोती एकट्याच खाली ओढताना दिसल्या. मी उठून उतरवली. आत मातीच्या लहान लहान पिशव्या होत्या.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"आठवीत सोडली जी."

"आकडे नीट लिहिता येतात?"

"आकडे येतात."

"मग उद्या इंदापूरला या."

एवढीच माझी मुलाखत. त्या बाई म्हणजे आमच्या मॅडम. कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होत्या. वय माझ्याहून कमीच, पण मला पहिल्या दिवसापासून 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणाल्या. क्रेट धुताना मला कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं.

काम असं होतं. एका शेतकऱ्याच्या रानात सोळा वाफे पाडलेले. चारांना पोत्यातलं खत. चारांना साखर कारखान्यातली मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरतो तो काळा चोथा. चारांना दोन्ही निम्मं निम्मं. आणि राहिलेल्या चारांना काहीच नाही. पावसाळ्यात बाजरी, हिवाळ्यात गहू, असं तीन वर्षं त्याच वाफ्यांत. मळीनं निम्मं खत वाचतं का, एवढंच शोधायचं. पहिल्या वर्षी वाचतं असं दिसलं, दुसऱ्या वर्षी वाचत नाही असं. त्यामुळे सगळा भार तिसऱ्या वर्षावर आला होता. ते संपलं की मॅडमना एका कॉलेजात नोकरीवर हजर व्हायचं होतं. जागा त्यांच्यासाठी अडवून ठेवली होती.

मी मजुरांवर लक्ष ठेवायचो, पिकाची ताटं मोजायचो, आणि सकाळी आठला पाऊस मोजायच्या नळकांड्यात बघून वहीत लिहायचो. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बघितलं आणि पाऊस नव्हता, तर शून्य लिहा. बघायचंच राहिलं, तर आडवी रेघ मारा. रेघ दिसली म्हणून मी रागावणार नाही. पण न बघता शून्य लिहू नका."

रान ज्यांचं होतं त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरंच होती, वर्षातले आठ महिने घर पाठीवर. तात्यांनी ते सोडून ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले. मेव्हण्याचा कळप मात्र अजून फिरत होता. उन्हाळ्यात तो या बाजूला आला की लोक त्याला बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. वाघर, म्हणजे जाळं, लावून रात्रभर कळप एका जागी बसवायचा. लेंड्या आणि मूत मातीत जिरतं, त्यावर दोन वर्षं पीक तरारून येतं. हे मला सगळं नवीन. आमच्याकडे धान, पाणी, चिखल.

तात्या मला 'भंडारा' म्हणायचे आणि माझ्या बोलीची नक्कल करायचे.

"काय भंडारा, काय करून ऱ्हायलास?"

"ताटं मोजून राहिलो, तात्या."

"मोज, मोज. तुज्या मोजन्यानं वाडली तर मला बी सांग."

एका गोष्टीवर मात्र ते थट्टा करत नसत. त्या चार बिनखताच्या वाफ्यांवर. गहू तिथं वीतभर वाढून पिवळा पडला होता. तात्या बांधावर उभे राहून बघायचे आणि वैतागायचे.

"ह्या चार वाफ्यांनी काय गुन्हा केलाय रं?"

"बाकीच्यांशी ताडून बघायला लागतं," मी मॅडमचंच वाक्य म्हणायचो.

"म्हून जित्या जमिनीला उपाशी ठिवायचं? रस्त्याकडनं विद्यापीठाचा बोर्ड लावलाय. सोयरं येत्यात, इचारत्यात, तात्या, रानाला रोग पडला काय? आन् ती पोरगी एवढी शिकलेली. तिचं पीक असं दिसावं व्हय?"

त्यांना खरंच वाटत होतं की हे वाफे मॅडमचं नाव घालवणार. मी हसण्यावारी नेलं. तिथं चुकलो.

मार्चअखेर गहू निघाला. मॅडम विद्यापीठात गेल्या, जूनच्या सुरुवातीला पेरणीआधी मातीचे नमुने घ्यायला येणार होत्या. रान मोकळं. मी एकटा. लेकीला बघून सव्वा वर्ष झालं होतं, आणि बायकोच्या पत्रात होतं की ती आता फोटोतल्या माणसाला बाबा म्हणते. मी मॅडमना विचारलं नाही. विचारलं तर नको म्हणतील, आणि नको म्हणाल्यावर गेलो तर काम जाईल, असा सगळा हिशेब मी एकट्यानंच मनात केला. सहा दिवसांत जाऊन येणार होतो. मे महिना, आभाळ कोरडं ठाक. निघायच्या आधीच सहा दिवसांची सहा शून्यं वहीत लिहिली. तात्यांना एवढंच म्हणालो, रानाकडं बघा.

लेक माझ्याकडे आली नाही. निघायच्या दिवशी जराशी आली, माझं बोट धरून चुलीपर्यंत. तेवढ्यावर परत निघालो.

परतलो तो सकाळचा. तात्या बांधावर वाटच बघत होते, चेहरा असा की घरी लग्न ठरलंय.

"आलास व्हय? बग, तुजं काम करून ठिवलं."

उपाशी चारही वाफ्यांत काळ्याभोर लेंड्यांचा थर पडला होता. बाकीचे बारा वाफे स्वच्छ. मेव्हण्याचा कळप त्यांनी मुद्दाम थांबवून घेतला होता. वाफे लहान, म्हणून थोडी थोडी मेंढरं वेगळी काढून, वाघर आवळून, चार रात्रींत चार वाफे.

"दुसऱ्या वाफ्यात एक मेंढरू जाऊ दिलं न्हाय. तुमचं खत हाय तितं, दुबार कशाला? ज्येला न्हाय त्येला दिलं."

"तात्या, हे काय केलंत!"

"का? पैसं मागितलं का तुला? मेव्हना हाय माजा."

कसं सांगणार? माणसानं आपलं सोनं द्यावं तसं दिलं होतं. मी टोपली घेतली आणि लेंड्या वेचायला बसलो. दोन दिवस वेचत होतो. तात्यांच्या बायको, आक्का, पाणी घेऊन आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "आवं, हितं या जरा! लोकं लेंड्या घालाय मेंढरं बोलिवत्यात, हा भंडारा येचून भायेर टाकतोय!" मग त्यांनाच दया आली, सूप घेऊन माझ्यासोबत बसल्या. वरचं सगळं निघालं. पण मातीला वास येत होता. मूत आत गेलं होतं, आणि खरा जोर त्यातच असतो हे मॅडमनीच मला शिकवलं होतं.

पुढचे दोन-तीन आठवडे कसे काढले सांगता येत नाही. गप्प राहिलो तर? तात्यांनी आपणहून बोलायचं काही कारण नव्हतं, त्यांच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. आणि बोललो तर सहा दिवसांचं जाणंही सांगावं लागणार. काम जाणार. परत स्टँड. मॅडमची नोकरी जाणार ती वेगळीच. बरं, न सांगण्यात त्यांचंही भलंच आहे, असं मी स्वतःला पटवायचो; सकाळी आठला वही उघडली की ती सहा शून्यं दिसायची आणि पटलेलं विस्कटायचं.

मॅडम आल्या. कापडी पिशव्या, माती काढायचं गिरमिट, चिठ्ठ्या. पहिले तीन वाफे झाले. चौथा उपाशी. त्यांनी गिरमिट फिरवलं, माती पिशवीत घेतली, चिठ्ठी लिहायला पेन काढलं.

"त्या पिशवीवर नाव घालू नका जी," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. मेंढरं, लेंड्या, घरी जाणं, शून्यं. मॅडम बांधावर बसल्या. हातातली माती चुरली.

"कुठल्या वाफ्यात किती मेंढरं, तात्यांना आठवेल?"

"विचारतो."

"आणि घरी जायचं तर मला विचारलं असतं, भाऊ. मी पाठवलं असतं की."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे मार्गदर्शक सर जीपनं आले. उन्हात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, रुमालानं मान पुसली.

"लेंड्या वेचल्यात ना यांनी? मग राहिलं काय?"

"मूत्र राहिलं, सर."

"अगं, कोण विचारणार आहे? विभागाचे पेपर किती झाले हे विद्यापीठ दरवर्षी विचारतं. त्यात तुझा एक धरलाय मी. दोन वर्षं उलटसुलट आकडे. तिसरं नाही म्हटलंस तर पेपर होतच नाही."

"उपाशी वाफाच राहिला नाही, सर. ताडून कशाशी बघू?"

सर वाईट नव्हते. थकलेले होते. माझ्याकडे एकदा बघितलं, जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "ठरव तुझं तू."

मॅडमनी ठरवलं. तिसरं वर्ष धरायचं नाही. प्रबंध दोनच वर्षांवर लिहिला: मळीनं निम्मं खत वाचतं की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही. समितीनं तो दोनदा परत पाठवला, आणि तोवर कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. मला मात्र काढलं नाही. पेरायचंच म्हणून त्या वर्षी बाजरी पेरली, ती निघेपर्यंत ठेवलं. पुढे एका रोपवाटिकेत चिठ्ठी देऊन पाठवलं. ती चिठ्ठी होती म्हणून मी इथं टिकलो, आणि वर्षभरात बायको-लेकीला आणू शकलो. मॅडमना पुढं कुठं काम मिळालं, धड मिळालं का, मला नीट माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्या वर्षी सगळ्यात उंच बाजरी उपाशी वाफ्यांत आली. कणसं मनगटाएवढी. तात्या सोयऱ्यांना मुद्दाम रस्त्याकडून घेऊन यायचे.

प्रबंधाच्या प्रती बारामतीत बांधून घेतल्या तेव्हा आणायला मीच गेलो. काळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, आत सगळं इंग्रजी. एसटीत मांडीवर घेऊन चाळत होतो. शेवटी पावसाचा तक्ता सापडला, कारण आकडे मला येतात. मे महिन्यात सहा ठिकाणी आडव्या रेघा होत्या.

तात्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी हात धुऊन, पुसून मगच घेतलं.

"काय ठरलं म्हन शेवटी? मळी घालायची का न्हाय?"

"सांगता येत नाही, असं ठरलं."

"तीन वर्सं घातली, आन् सांगता येत न्हाय?"

"नाही येत, तात्या."

त्यांनी दोन-चार पानं उलटली. "मेंढरांचं लिवलंय का?"

"एक ओळ आहे. मॅडमनी वाचून दाखवली मला."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. तात्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि आक्कांना हाक मारली, "आगं, हितं ये, बग. तुज्या भावाची मेंढरं विद्यापीठात गेली."