मागं नेणारं बटण

लातूरला मी ज्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, तिथं ॲडमिशनचे फॉर्म घेणारे एक मामा आहेत. नाव कधी विचारलंच नाही. सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही. इमारत तीन मजली, पण मामांचं टेबल कायम दारात, अर्धं आत, अर्धं बाहेर. जेवण तर बाहेर कडुलिंबाखालीच. "स्लॅबखाली घास उतरत न्हाई सर," एवढंच एकदा म्हणाले होते. माणूस भूकंपातल्या गावचा, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

डबा झाला की खिशातून हातात मावणारा व्हिडिओ गेम काढतात. पूर्वी पार्लरमध्ये असायचे ते सगळे गेम त्यात एकत्र भरलेले. साठीकडं झुकलेला माणूस चष्मा कपाळावर सरकवून विमानं पाडतो, तेही उभ्यानं. "पार्लरात कोन बसून खेळायचं?" स्वतःचं विमान पडलं की "गेलं बगा" म्हणतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

सोपी रीत असताना कुणी लांबची धरली की मला राहवत नाही. परवा अगदी शेवटी विमान पडलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा, हे बटण दाबून धरा. खेळ मागं जातो. पडायच्या आधी थांबा आणि वाचवा."

मामांनी बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही.

"लई मागं जातंय का ओ?"

"नाही, मिनिटभर."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू केलं.