श्वासरोखेंची बारा ते आठ

एक्स-रेच्या खोलीत सव्वीस वर्षं ‘श्वास रोखा’ हे एकच वाक्य बोलत आल्यामुळे सगळं हॉस्पिटल त्यांना ‘श्वासरोखे’ म्हणायचं. खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

त्या वर्षी त्यांच्या वडिलांची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली. पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई सकाळी दहालाच भेटत आणि श्वासरोखेंची ड्यूटी आठला सुरू व्हायची. अशात नव्या अधीक्षक बाईंचं पत्रक लागलं: काम अडणार नाही असं बघून ज्याने त्याने आपली वेळ लिहून द्यावी.

कोणी पेनला हात लावेना. मागच्या साहेबांनी मोठ्या प्रेमाने सूचनापेटी ठेवली होती, आणि सूचना टाकणाऱ्यांची महिन्याभरात बदली झाली होती.

“काका, सापळा आहे हा,” ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या. “नाव लिहिलंत की यादीत गेलात!”

घरी बायको म्हणाली, “अहो, नाहीच म्हणतील ना? खाणार तर नाहीत!”

त्यांनी लिहिलं: बारा ते आठ. दुसऱ्याच दिवशी सही होऊन कागद परत आला. सकाळी आठचं काम नऊ ते पाच करणाऱ्या जोडीदाराने आनंदाने घेतलं, कारण त्याला दुपारी चारला सुटायचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी दहाला संचालक फेरीवर आले. “सर्वांत जुना तंत्रज्ञ कुठे आहे?”

दारादारांतून कान टवकारले गेले. “झालं, काकांचा बळी,” सिस्टर पुटपुटल्या.

अधीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, “ते बाराला येतात. परवानगी माझी आहे, काही चुकलं तर मला विचारा. संध्याकाळी येऊन बघा एकदा.”

संचालक खरंच आले, सहा वाजता, कोणाला न सांगता. बाहेर बाकावर गवंडी होता, दुकानातली विक्रेती होती, शाळेतल्या बाई होत्या. पूर्वी खोली पाचलाच बंद व्हायची, म्हणून या लोकांना एका फोटोसाठी अर्धा दिवस बुडवावा लागायचा. साहेब कोपऱ्यात बसून बघत राहिले. श्वासरोखेंनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

“तुमचं काय दुखतंय?”

“काही नाही.”

“मग बाक कशाला अडवलात? त्या आजींना बसू द्या!”

साहेब निमूट उठले. ते कोण होते हे दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आल्यावर कळलं, तेव्हा श्वासरोखेंच्या तोंडचं पाणी पळालं. धावतपळत ते अधीक्षक बाईंकडे गेले.

बाई हसत सुटल्या. “साहेब म्हणाले, माणूस खमक्या आहे, त्याची वेळ बदलू नका.”

महिन्याभराने वडिलांच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द फुटला: “पुरे!” तो शिकवणाऱ्या बाईंना उद्देशून होता. त्या दिवशी श्वासरोखेंनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

आता वेळेच्या कागदासाठी झुंबड उडते. बुधवारची दुपार चौघांना हवी आहे, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज सिस्टरांचाच आहे. अधीक्षक बाई म्हणतात, तुमचं तुम्ही मिटवा. कालपर्यंत तरी मिटलेलं नाही.